दुसऱ्याच्या वतीनं वाचणं

ब्रिटिश अमदानीत मुंबई सरकार दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल छापत असे. इलाख्यातल्या देशी वर्तमानपत्रांत त्या आठवड्यात काय काय आलं, याचा इंग्रजी गोषवारा त्यात असायचा. सुरुवातीला एक लांबलचक तक्ता: पत्राचं नाव, कुठून निघतं, रोज की आठवड्याला, संपादकाचं नाव, जात, वय आणि शेवटच्या रकान्यात खप. 'केसरी', पुणे, साप्ताहिक, बाळ गंगाधर टिळक, हिंदू (चित्पावन ब्राह्मण), मग वय, मग आकडा. त्याच्या वरखाली सोलापूरचं 'कल्पतरू', धुळ्याचं 'खानदेश वैभव', बेळगावचं 'चिकित्सक', रत्नागिरीचं 'सत्यशोधक'. मराठीच्या शेजारी गुजराती, कानडी, उर्दू, सिंधी पत्रं.

हा तक्ता पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिला तेव्हा मला हसू आलं आणि थोड्या वेळानं ते मावळलं. कारण जवळपास असाच एक तक्ता मी स्वतः बनवलेला आहे.

मी ज्या कंपनीत काम करतो ती जे विकते त्याला 'मीडिया मॉनिटरिंग' म्हणतात. पहाटे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांच्या पीडीएफ येतात, त्यांचं ओसीआर होतं, पानावरचा मजकूर सुटा केला जातो, ग्राहकाच्या कामाचा तेवढा वेगळा काढला जातो, त्याचा इंग्रजीत चार ओळींचा सारांश तयार होतो आणि शेजारी एक ठिपका लागतो. हिरवा, राखाडी किंवा लाल. हे सगळं साहेब ऑफिसला पोचायच्या आत. यातला मराठीचा भाग माझ्याकडे आहे. आमच्या तक्त्यात जातीचा रकाना नाही. 'राजकीय कल' असा एक आहे, आणि तो कोण कशाच्या आधारावर भरतं हे विचारलंत तर मला धड उत्तर देता येणार नाही.

जुन्या साप्ताहिकांकडे मी इतिहासाच्या ओढीनं गेलो नाही. जुन्या टायपात, जोडाक्षरांच्या गर्दीत, पुसट शाईत आमचं मॉडेल किती चुकतं हे मला तपासायचं होतं. चुका मोजता मोजता वाचायला लागलो. पाच-सहा आठवड्यांनी ओसीआर बाजूला राहिलं आणि एक प्रश्न मागे लागला. एखाद्याचं लिखाण तिसऱ्या कुणाच्या वतीनं वाचणं आणि त्याचं सार काढून त्या तिसऱ्याच्या हातात ठेवणं, यात लिहिणाऱ्यावर काही अन्याय होतो का? सार अगदी चोख असलं तरीही?

आधी साप्ताहिक ही काय चीज होती ते बघू, कारण आपल्याला ते पुस्तकांतून भेटतं. 'केसरी' म्हटलं की आठवतात ते अग्रलेख. 'प्रभाकर' म्हटलं की लोकहितवादींची शतपत्रं, जी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या त्या साप्ताहिकात एकेक करून आली. आपण ती सलग वाचतो, एकशे आठ पत्रांची माळ म्हणून. मूळ वाचकाला माळ दिसलीच नव्हती. त्याला एका आठवड्याला एक पत्र मिळालं, तेही इतर बातम्यांच्या आणि मजकुराच्या गर्दीत. पुढच्या पत्रासाठी त्याला थांबावं लागलं, आणि मधल्या दिवसांत राग येऊन शांतही होता आलं.

साप्ताहिक म्हणजे आठवडी बाजारच. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला, मंगळवारी, सुरू झाला. त्याआधी काढलेल्या जाहीरनाम्यात देशस्थिती, देशी भाषांतले ग्रंथ आणि विलायतेतलं राजकारण असा पसारा मांडलेला होता. प्रत्यक्षात पानावर याहून कितीतरी जास्त माल येऊन पडे. अग्रलेख, त्याखाली स्फुटं, इकडून तिकडून गोळा केलेलं वर्तमान, पत्रव्यवहार, पुस्तकांची पोच, आणि जाहिराती. त्या काळच्या कुठल्याही मराठी साप्ताहिकाच्या जाहिराती वाचायला बसलात तर तास कसा जातो कळत नाही. तापावरची औषधं, शक्तीवरची औषधं, ज्यावर दुसरं काही लागू पडत नाही अशा सगळ्यावरची औषधं, क्रमिक पुस्तकं, घड्याळं. माझं मॉडेल अग्रलेखात कमी आणि औषधांच्या नावांत जास्त चुकलं, हे जाता जाता सांगतो.

आता १८९६–९७ चं वर्ष घ्या. पावसानं दगा दिला, दख्खनमध्ये दुष्काळ पडला. त्याच सुमारास मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला तो पुण्यात पोचला. 'केसरी'नं या काळात एकाच वेळी किती निरनिराळी कामं केली बघा. दुष्काळाच्या सरकारी नियमावलीत रयतेला काय काय हक्क आहेत ते मराठीत समजावून सांगितलं. प्लेगच्या रोग्याला वेगळं ठेवणं गरजेचं आहे हेही सांगितलं. टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उघडायला हातभार लावला. गाव सोडून पळालेल्या पुण्याच्या पुढाऱ्यांना झोडपलं. आणि घरं तपासणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या वागणुकीबद्दल रँडच्या कारभारावर कडक टीका केली.

मंगळवारी अंक हातात घेणारा सदाशिव पेठेतला कारकून किंवा शिरवळचा मास्तर हे सगळं एकदम वाचत होता. घरात कुणाला गाठ आली तर काय करायचं हेही त्याला त्याच कागदातून कळत होतं आणि दारात सोजीर आला तर कसं वाटायला हवं हेही. या दोन गोष्टी एकमेकींना धरून होत्या. 'वेगळं ठेवा' असं सांगणारा माणूस 'असं वेगळं ठेवू नका' म्हणतो, तेव्हा त्या दुसऱ्या वाक्याला पहिल्यामुळे वजन येतं.

सरकारी अहवालात हे वजन टिकणं अवघड होतं. तिथे मजकूर मथळ्यांखाली वाटला जाई: राजकारण आणि राज्यकारभार, कायदे, शिक्षण, रेल्वे, नगरपालिका, संस्थानं. एका पत्राचा एक अंक फोडून चार मथळ्यांखाली जायचा आणि प्रत्येक मथळ्याखाली त्याच्या शेजारी दुसऱ्याच पत्रांचे तुकडे यायचे. सोजिरांवरची टीका इतर सगळ्या पत्रांच्या टीकेच्या रांगेत बसली की आवाज दहापट होतो. औषधाच्या जाहिरातीला तर मथळाच नव्हता.

गोषवारा करणाऱ्यांना मी खलनायक करत नाही. ते बरेचसे इथलेच, मराठी-गुजराती जाणणारे शिकलेले लोक होते. त्यांनी केलेले गोषवारे वाचले की काम नेटकं वाटतं. सरकारची स्तुती आली तर तीही टिपलेली असते. कितीतरी वेळा माझ्या मॉडेलपेक्षा त्यांचं इंग्रजी सार मूळ मराठीच्या जास्त जवळ आहे, हे मी व्यवसायानं सांगू शकतो. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. काम वाईट झालं असतं तर 'काम नीट करा' म्हणून मोकळं होता आलं असतं.

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता आली. राज्याची दशा पाहून महाराज हळहळतात, अशी. त्याच अंकात पुण्यात नुकत्याच झालेल्या शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत होता. प्रोफेसर भानूंचं अफझलखानाच्या वधावरचं भाषण, प्रोफेसर जिनसीवाल्यांचं भाषण, अध्यक्ष म्हणून टिळकांचं भाषण. शिवाजीनं खानाला मारलं हे पाप होतं का, असा सरळ प्रश्न त्या भाषणात आहे आणि उत्तरासाठी गीतेचा आधार घेतलेला आहे: स्वार्थ आणि फळाची आसक्ती सोडून केलेल्या कर्माचा दोष लागत नाही. म्हणजे एका नीतिशास्त्रीय प्रश्नावरची चर्चा, एका सार्वजनिक उत्सवात, एका साप्ताहिकाच्या वृत्तांतात. २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलै संपायच्या आत टिळकांना अटक झाली. सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहाविरुद्ध तीन असा लागला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. आर्यभूषण छापखान्याच्या मुद्रकालाही टिळकांबरोबर आरोपी केलं होतं, त्याला निर्दोष सोडलं.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ सांगितला तो कुप्रसिद्ध आहे: अफेक्शनचा, म्हणजे प्रेमाचा, अभाव. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचे तीन ठिपके आले. हिरवा म्हणजे अनुकूल, लाल म्हणजे प्रतिकूल, राखाडी म्हणजे यातलं काही नाही. स्ट्रेचींनी राखाडी ठिपका रद्द केला. सरकारवर प्रेम नाही, एवढं पुरे. पुढच्याच वर्षी कलमात दुरुस्ती झाली तेव्हा बेइमानी आणि वैरभावना हे शब्द त्यात घातले गेले, पण तोवर टिळक तुरुंगात होते.

इथवर मला गोष्ट सोपी वाटत होती. सरकारनं अंकातून दोन तुकडे फाडून काढले, संदर्भ टाकून दिला, माणसाला आत टाकलं. अख्खा अंक, अख्खं वर्ष वाचलं असतं तर न्याय झाला असता. मग मी खटल्याबद्दल आणखी वाचलं आणि ही सोय संपली. स्ट्रेचींनी ज्यूरीला संदर्भ बघायला सांगितलंच होतं. लेख कधी आला, कुठल्या परिस्थितीत आला, कोणत्या वाचकांच्या हाती पडला, हे लक्षात घ्या, असं सांगितलं. दुष्काळानं आणि प्लेगनं पोळलेल्या, सोजिरांच्या झडत्यांनी चिडलेल्या दख्खनच्या लोकांवर या ओळींचा काय परिणाम होईल? तत्त्वज्ञ हिंदूंवर काय होईल ते सोडा. संदर्भ बघितल्यावर टिळकांचं पारडं हलकं झालं नाही, उलट जड झालं. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा त्या जून महिन्यात पुण्यात असतो आणि तो वृत्तांत वाचला असता, तर खानाच्या जागी खानच डोळ्यांपुढे आला असता, असं छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

म्हणजे अख्खा अंक वाचणं हे निर्दोष ठरवण्याचं साधन नाही. उलटही होतं. ज्या पत्रानं रयतेला दुष्काळी नियमावली समजावून सांगितली, त्यानंच सहा वर्षांपूर्वी संमतिवयाच्या कायद्याला कडाडून विरोध केला होता. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करण्यापुरता तो कायदा, १८९१ चा. त्याच्या आधी कलकत्त्याला फुलमणी नावाची अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या संभोगानं मेली होती. ते अंक वाचताना मला 'संदर्भ' देणाऱ्या सगळ्यांचाच राग आला. विदेशी सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, हे सगळं मला कळतं. पण माझी भाची अकरा वर्षांची आहे. अख्खं वाचलं की माणूस मोठा होतो असं नाही. कधीकधी लहान होतो. तरी अख्खं वाचायचं की नाही हा प्रश्न शिल्लक राहतोच.

१९०८ चा दुसरा खटला मला इथे जास्त उपयोगी वाटतो. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि त्यात दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. त्यावर 'केसरी'त आलेल्या लेखांपैकी दोन, १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत', हे खटल्याचा पाया झाले. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, कित्येक दिवस. त्यातला मोठा भाग भाषांतराबद्दल होता. सरकारी भाषांतरखात्यातल्या जोशींची त्यांनी उलटतपासणी घेतली. कोणत्या मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द, यावर कोर्टात खल झाला. दोघे मराठी माणसं एका पारशी न्यायाधीशासमोर मराठी शब्दांच्या छटांवर इंग्रजीत वाद घालताहेत आणि ज्यूरीतल्या बहुतेकांना मूळ मजकूर वाचताच येत नाही. ते न्यायाधीश म्हणजे दावर, ज्यांनी १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती. या वेळी सातविरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी, मंडाले.

टिळकांचा दुसरा मुद्दा असा होता की हे लेख एकटे नाहीत. बाँबच्या निमित्तानं अँग्लोइंडियन पत्रं आणि देशी पत्रं यांच्यात वाद चालला होता आणि 'केसरी' त्या वादात उत्तर देत होता. समोरच्यानं काय म्हटलं ते वाचल्याशिवाय उत्तर कसं कळणार? त्यांनी इतर वर्तमानपत्रांची चळतच कोर्टापुढे ठेवली.

आता समजा, जोशींचं भाषांतर पूर्णपणे निर्दोष असतं. प्रत्येक शब्दाला अचूक शब्द. तरी काहीतरी बिघडलेलं होतंच, असं मला वाटतं, आणि ते काय हे पकडायचा माझा प्रयत्न आहे. लेख लिहिणाऱ्यानं तो कुणाला उद्देशून लिहिला होता? पुण्याच्या, वऱ्हाडच्या, मुंबईच्या वाचकाला. तो वाचक 'केसरी'चं बोट धरून गेली पंचवीस वर्षं चाललेला होता. अहवालानं आणि भाषांतरानं एकही शब्द बदलला नसेल, पण पाकिटावरचा पत्ता बदलला. आईला लिहिलेलं पत्र वडलांनी फोडून वाचलं तर त्यातला एक काना हलत नाही, पण ते पत्र तेच राहत नाही. आईला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात असतात. वडील त्यात आपल्या प्रश्नांची शोधतात, आणि शोधली की सापडतात.

यावर माझ्या मॅनेजरचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी त्याला विचारलंय. 'छापलं म्हणजे पब्लिक झालं.' हे उत्तर वाटतं तेवढं उथळ नाही. वर्तमानपत्र हे खाजगी पत्र नाहीच. 'केसरी'ला सरकारनं वाचावं असं 'केसरी'लाच वाटत होतं. जाहीरनाम्यात वर्तमानपत्राच्या लेखणीला रस्त्यावरच्या दिव्यांची आणि पोलिसांच्या गस्तीची उपमा दिलेली होती. अंमलदारांना आपल्यावर नजर आहे हे कळलं पाहिजे, तर गस्तीला अर्थ. शिवाय साप्ताहिक हे स्वतःच दुसऱ्याच्या वतीनं वाचणारं यंत्र होतं. इंग्रजी न येणाऱ्या वाचकासाठी विलायतच्या राजकारणाचं सार काढणं, इंग्रजी पत्रांतले उतारे देऊन त्यांचा समाचार घेणं, इतर मराठी पत्रांतलं वर्तमान उचलणं, हा त्याचा रोजचा धंदा. 'टाइम्स ऑफ इंडिया'चा संपादकही म्हणू शकला असता की माझं वाक्य पुण्यात नेऊन त्याचा पत्ता बदललात.

मग फरक कशात? बरेच दिवस मला उत्तर सापडेना. शेवटी एका अगदी साध्या गोष्टीशी येऊन थांबलो. 'केसरी'नं 'टाइम्स'चं जे सार काढलं ते छापलेलं होतं, दोन पैसे टाकून कुणालाही मिळत होतं. 'टाइम्स'ला ते चुकीचं वाटलं तर पुढच्या अंकात ओरडता येत होतं. 'सुधारक'ला 'केसरी'नं त्याचं म्हणणं विपर्यस्त केलं असं वाटलं की तो ते आपल्या अंकात सांगायचा, आणि त्या भांडणातच निम्मा मराठी निबंध घडला. सरकारी अहवालावर मात्र 'गोपनीय' असा शिक्का होता. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो सोडून बाकी सगळे अधिकारी ते वाचत होते. सोलापूरच्या संपादकाला आपलं वय आणि जात कुठल्या तक्त्यात आहे, आपल्या कोणत्या वाक्याचं काय इंग्रजी झालंय, हे कळायला वाटच नव्हती. कळलं तर थेट समन्स आल्यावर.

हे उत्तर मला पुरतं पटलं होतं, आणि मग 'दीनबंधू' आडवं आलं.

'दीनबंधू' कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलं. १८८० पासून ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईहून चालवलं. सत्यशोधकांचं साप्ताहिक, गिरणी कामगारांचं गाऱ्हाणं मांडणारं. रविवारची सुट्टी मागणारे लोखंडे ते हेच. 'केसरी'च्या फायली जपल्या गेल्या. टिळकांचे 'केसरी'तले लेख त्यांच्या मृत्यूनंतर खंडांच्या रूपात आले, आगरकरांच्या निबंधांची पुस्तकं झाली. 'दीनबंधू'चे जुने अंक फार थोडे हाताशी येतात. त्यात त्या त्या आठवड्याला काय होतं हे कळायला अभ्यासकांना बऱ्याचदा एकच वाट उरते, ती म्हणजे सरकारचा तोच गोपनीय अहवाल. त्यानं जातीचा रकाना केला आणि पाळतही ठेवली. पण त्यानं 'दीनबंधू'ला 'केसरी'च्या रांगेत, त्याच मापाच्या टायपात छापलं. आपल्यातल्या वाचनसंस्थांनी आणि वाड्यांनी जे जपायचं मनावर घेतलं नाही, ते पाळत ठेवणाऱ्यानं ठेवलं.

याचं काय करायचं मला कळत नाही. अन्याय होता म्हणावं, तर त्या अन्यायाचीच फळं आपण खातोय. उपकार म्हणावं, तर तो ज्यांच्यावर झाला त्यांना विचारून झाला नव्हता. आणि टिळकांच्या खंडांकडे पाहिलं की वाटतं, पत्ता बदलण्याचं काम भक्तांनीही केलंच की. अग्रलेख अंकातून कापून कापडी बांधणीत घातले, पलीकडच्या स्तंभातलं तापावरचं औषध गळालं. आता ते लेख पुढच्या पिढ्यांना उद्देशून आहेत, मुझफ्फरपूरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी 'केसरी'ची वाट बघणाऱ्या माणसाला नाहीत. एकानं गुन्हा शोधायला कापलं, दुसऱ्यानं थोरवी शोधायला. निदान भक्तांनी खंड दुकानात ठेवले. बघायचं त्याला बघता येतात.

आता ते पत्र. एका तालुक्याच्या गावाहून एक साप्ताहिक निघतं, चार पानांचं, वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरलेलं. त्यात एक निवृत्त शिक्षक नियमानं पत्रं लिहायचे. एसटीची वेळ बदलल्यानं शाळेतल्या मुलींचे हाल होतात. अमक्याचा मुलगा स्पर्धा परीक्षा पास झाला, अभिनंदन. स्मशानभूमीचं पत्र्याचं छप्पर उडालंय. आणि एकदा, गावाबाहेरच्या ओढ्याला येणारा वास, पाण्याचा बदललेला रंग, आणि वर असलेल्या कारखान्याचं नाव. कारखाना आमच्या ग्राहकाचा. सिस्टिमनं पत्र अचूक उचललं, चार ओळींचं अचूक सार केलं, लाल ठिपका लावला. दर्जा तपासायला दर आठवड्याला काही नमुने माझ्याकडे येतात, त्यात हे आलं. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

महिन्याभरानं त्या साप्ताहिकात ग्राहकाची पानभर जाहिरात दिसली. त्यानंतर शिक्षकांची पत्रं दिसली नाहीत. मी मुद्दाम बघत राहिलो म्हणून मला कळलं. सिस्टिमला कळायचं कारण नव्हतं, न आलेल्या पत्राला ठिपका लागत नाही. शिक्षक आजारी असतील. मुलाकडे पुण्याला आले असतील. जाहिरात दरवर्षीच या दिवसांत येत असेल. माझ्याकडे काहीही पुरावा नाही, आणि जे लिहिलंय त्याहून जास्त मी म्हणतही नाही. एवढंच की त्यांनी ते पत्र ओढ्याकाठच्या लोकांना लिहिलं होतं, त्याच्या आधी एसटीची, छपराची आणि अभिनंदनाची पत्रं लिहिलेला माणूस म्हणून. पलीकडे पोचला तो फक्त लाल ठिपका. एसटीचं पत्र ग्राहकाच्या कामाचं नव्हतं, ते सिस्टिमनं योग्य तऱ्हेनं गाळलं होतं.

मी नोकरी सोडलेली नाही. घराचा हप्ता आहे, आणि मी सोडली तर माझ्या जागी येणारा निदान मराठी वाचणारा असेल का, अशी एक सबब मी स्वतःला देतो. अहवाल लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी घरी गेल्यावर हीच सबब स्वतःला दिली असेल असं वाटतं. मी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, ज्या पत्रांचा आपण सारांश करतो त्यांच्या संपादकांना आपापल्या पत्राबद्दलचा भाग बघता यावा, फुकट. मीटिंगमध्ये कुणी रागावलं नाही. लोक खरोखर गोंधळले. ग्राहक पैसे देतो ते कशाचे, असं एकानं शांतपणे विचारलं आणि पुढचा विषय निघाला.

दुसरी गोष्ट मंजूर झाली, कारण तिला खर्च नव्हता. आता प्रत्येक सारांशाखाली एक लिंक असते. दाबली की नुसतं कात्रण येत नाही, अख्खं पान उघडतं. वाढदिवस, निधन, पाहिजेत, विकणे आहे, सगळ्यासकट, आणि मधे आपल्या कामाचा मजकूर फिकट पिवळ्या चौकटीत. सोमवारी सकाळी मी लॉग बघतो. लिंक उघडणाऱ्यांच्या यादीत माझा आयडी पुन्हा पुन्हा येतो. आणखी एकच आहे, ग्राहकाच्या ऑफिसातला, रात्री अकराच्या पुढे येणारा. तो कोण आहे हे मी शोधू शकतो. त्या तक्त्यात त्याचं नाव आहे. अजून पाहिलेलं नाही.